बाबांनी ह्वे सोडलं

मोकपो बंदर, ऑगस्टअखेर

ती. दादास धाकट्या बोक-रेचा नमस्कार. तुझी कंबर, वहिनीचा दमा आणि सोलमधला उकाडा, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. इकडे आटोक्यात काहीच नाही.

समुद्र तापलाय. तापला की त्यातले ते जंतू वाढतात (घाणीमुळे नव्हे रे, ते समुद्राचे मूळ रहिवासी, आपणच उपरे), आणि सोजू ढोसून यकृताची चाळण केलेल्या बाबांसारख्या माणसाच्या पोटात कच्च्या माशातून गेले की खेळ खलास. डॉक्टरांनी बजावलं, "थंडी पडेपर्यंत ह्वे बंद!" बाबांनी मान डोलावली, घरी आले आणि वृद्ध मंडळाचा राजीनामा दिला. मग कुळाच्या मंडळाचा. (कच्च्या माशालाही ह्वे आणि मंडळालाही ह्वे, याचा फायदा बाबांखेरीज कोण घेणार?) वर मलाच विचारतात, "एकूण एक ह्वे सोडलं की गं! आता काय, प्राण सोडू?"

मंडळं सुटल्यामुळे दिवसभर मोकळे, आणि माझं दुकान नेमकं कच्च्या माशाचं. माशांच्या टाकीशेजारी ठाण मांडतात. काल एका जोडप्याच्या टेबलाशी जाऊन म्हणाले, "ताजा आहे का, चाखून सांगतो." ताट मी ओढलं, त्यांनी ओढलं, जोडपं पळालं. आंबट-तिखट चटणीत जंतू मरतात आणि उरलेले सोजूत झिंगतात, हे त्यांचं वैद्यक. शिजवलेला रस्सा वाढला तर म्हणाले, "मेलेल्या माशाला पुन्हा कशाला मारलंस?" दादा, मला आता हसूसुद्धा येत नाही. त्यांनी नुसता पोटावरून हात फिरवला तरी मी डॉक्टरांचा नंबर शोधायला लागते.

शेवटी त्यांच्यासमोर बसून रडले, तेव्हा वरमले. शब्द दिला, "थोरला चुसोकच्या सणाला येईल तेव्हा त्याच्याबरोबर एकच ताट. तोवर शिवणार नाही." आणि खरंच पाळताहेत.

तुझी थकलेली,
बोक-रे

ता. क. तेव्हा दादा, यंदा सणाला येऊ नकोस. तोवर पाणी निवत नाही.

ता. क. दुसरा: पण येणार नाही असंही सांगू नकोस, नाहीतर आजच टाकीत हात घालतील. फोनवर "येतोच, येतोच" म्हणत राहा. ते आत्तापासूनच इस्त्रीचा सदरा घालून बसथांब्यावर जाऊन बसतात. आज गाडी चुकली असेल, असं सांगून संध्याकाळी मी त्यांना घरी आणते.