कुंडीसाठी काढलेला गोल

मल्लेश्वरम, मंगळवार, १३ ऑगस्ट १९९६

आज आमच्या गल्लीची किळस आली.

कोपऱ्यावर कचरा साचतो म्हणून आम्ही बारा घरांनी मिळून महापालिकेकडे सिमेंटची कुंडी मागितली. अर्जावर पहिली सही माझी. काल त्यांचा माणूस येऊन शेजारच्या मूर्तीअण्णांच्या फाटकापाशी रस्त्यावर खडूने गोल काढून गेला. आज सकाळी तिथे सडा घातलेला, वर भलीमोठी रांगोळी, मधोमध हळदकुंकू. आता त्यावर कुंडी कोण ठेवणार? बिचाऱ्याने दोन दारं सोडून दुसरा गोल काढला. तासाभरात तिथेही रांगोळी. भर दुपारी रांगोळी घालतात का कधी?

संध्याकाळच्या बैठकीत सगळ्यांचं एकच, कुंडी हवीच, फक्त स्वल्प पुढे सरकवा. लाज नाही कुणाला. मी उभा राहून चांगलं झाडलं सगळ्यांना. टाळ्याही मिळाल्या.

घरी आलो तर तिसरा गोल आमच्या फाटकासमोर. माझी बायको सुमती पाण्याची बादली घेऊन माझी वाट बघत उभी होती.

"काय करू?" तिने विचारलं.

मी आत गेलो आणि रांगोळीचा डबा आणून दिला.