रुद्रप्पामामांच्या विहिरीचं पाणी

परळी वैजनाथ,
५ ऑगस्ट १९९६

ती. दानम्माअक्कास,
धाकट्या बसवेशचा शरणार्थ.

इकडे सगळे बरे आहोत. थर्मलची राख नेहमीप्रमाणे वाळत घातलेल्या कपड्यांवर, आणि पाऊस नेहमीप्रमाणे ढगातच. केदारनाथदाजींचा गुडघा कसा आहे? शिवांजली बारावी पास झाल्याचं तुमच्या युसूफ वडगावहून आमच्या कॉलेजात येणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून कळलं. भाचीचा निकाल परक्याकडून कळावा, ही माझीच कमाई.

पोस्टानं एक जाडजूड इंग्रजी मासिक आलंय. त्यात माझा लेख आहे, सात वर्षांच्या कामाचा. तुमच्या विहिरीतल्या जिवांवर.

तू म्हणशील, मेल्यानं पुन्हा तेच उकरून काढलं. हो, तेच. पण पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

एकोणनव्वदच्या दिवाळीत कॉलेजचा सूक्ष्मदर्शक मिरवायला म्हणून मी तुमच्या ओसरीवर मांडला. विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून काचेवर घेतलं आणि गावातल्या एकेकाला डोळा लावायला लावला. "किडे हायत की बे!" कुणीतरी ओरडलं. मी दीडशहाणा, हसत म्हणालो, "आहेतच." पुढच्या श्रावणात महादेवाच्या अभिषेकाची घागर दुसऱ्याच विहिरीवर भरली गेली. तुझ्या सासऱ्यांनी, रुद्रप्पामामांनी, विहीर खणली तेव्हापासून तो मान तुमच्या घरचा होता. तू मला म्हणालीस, "तुज्या काचंनं आमचं पाणी बाटवलं."

ते किडे नव्हतेच, अक्का. खेकडे-झिंग्यांच्या दूरच्या भावकीतले जीव ते, तिळाहूनही बारीक, पांढरे. त्यांना डोळे नसतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या खडकाच्या भेगांतल्या अंधारात राहतात. एकेकाचे पाय सुईनं सुटे करायचे, कुठल्या पायावर किती काटे ते मोजायचं, चित्र काढायचं आणि जगातल्या जुन्या नोंदींशी ताडून बघायचं. पाचव्या पायावरचा एक काटा कुठेच जुळेना. ब्याण्णवला परदेशातल्या एका तज्ज्ञाचं पत्र आलं, की ही प्रजाती नवी आहे. पुढे लिहिलं होतं, असे जीव घाणीत टिकत नाहीत, पाणी निर्मळ असल्याची ती खूण आहे.

हे मला ब्याण्णवलाच कळलं होतं. साल नीट वाच.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात मामा एसटीनं माझ्याकडे आले. पिशवीत पाण्याची बाटली. म्हणाले, "बसवेश, लई पावडर टाकली बघ हिरीत. किडे गेले का न्हाई तेवढं बघ आन् चिठ्ठीवर लिहून दे. देवळात दाखवतो." बाटलीला ब्लीचिंगचा वास येत होता. आत एकही जीव नव्हता. माझ्या काळजात धस्स झालं, पण ते त्या जिवांसाठी, मामांसाठी नाही. म्हणालो, "मामा, पावडर टाकू नका." का, ते सांगितलं नाही. लेख छापून यायच्या आत बोललो तर दुसरा कुणी संशोधक विहिरीवर पोचेल अशी भीती होती. आणि प्रोफेसर चुकला हे गावाला कळेल, ही भीती त्याहून मोठी होती. मामा "बरं" म्हणाले, बाटली परत पिशवीत ठेवली आणि दुपारच्या गाडीनं गेले. आपलं पाणी काही सुधारत नाही, एवढंच त्यांनी मनात धरलं असणार.

दुसऱ्या वर्षी ते गेले. परीक्षा आहेत म्हणून कळवून मी मातीला आलो नाही. परीक्षा नव्हत्या. मला त्यांचं तोंड बघायची लाज वाटली.

नव्या प्रजातीला नाव द्यायचा हक्क शोधणाऱ्याचा असतो. मी लॅटिन धाटणीनं नाव दिलं 'रुद्रप्पाई'. जगात कुणीही तिचं नाव घेतलं की मामांचं निघेल. पण मामांना त्याचं काय? त्यांना एक चिठ्ठी हवी होती, आणि ती मी दिली नाही.

पहिल्या श्रावणी सोमवारी मी येतोय. चिठ्ठी मराठीत लिहून, सही करून आणतोय. आधी मळ्यात मामांच्या समाधीपाशी वाचीन, मग देवळासमोर सगळ्यांदेखत. पाणी चांगलं होतं, मी चुकलो, आणि कळल्यावरही गप्प बसलो, असं सगळं त्यात आहे. पावडरीनंतर ते जीव विहिरीत उरलेत का, मलाही ठाऊक नाही. गाव घागर भरायला येईल की नाही, तेही नाही. तू दार उघडशील का, हे तर विचारायची माझी छाती नाही.

आणखी एक. त्या दिवाळीनंतर तुमच्याकडे येताना मी परळीहून प्यायच्या पाण्याची बाटली आणायचो. मामा ती बघायचे.

या खेपेस बाटली आणणार नाही.

तुझ्या हातच्या तांब्याभर पाण्यासाठी उंबऱ्याबाहेर थांबणारा,
तुझा अपराधी भाऊ
बसवेश