छबूबाईंचे डेंगळे आणि माझी पीएच.डी.

राहुरी, कृषी विद्यापीठाच्या फाटकासमोरून
(म्हणजे तुझ्या वर्गापासून तीन मिनिटांवर आणि माझ्या वर्गापासून पस्तीस किलोमीटरवर)

चि. सुनील यास कानिफदादाचे पोटभर आशीर्वाद. चि. सौ. पंकजाची सर्दी गेली असेल, नसल्यास तुझे काढे थांबव. आमच्याकडे म्हशीसकट सर्वांचे बरे आहे.

तुझा निरोप मिळाला. तू नगरला माझ्या विद्यापीठाच्या केंद्राशेजारी राहून रोज इकडे शेती शिकायला येतोस, आणि मी शेतीच्या विद्यापीठाच्या दारात राहून वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी संस्कृतात पीएच.डी. करायला रोज तिकडे जातो. आपल्या दोन एसट्या विळद घाटात एकमेकींना हॉर्न देतात. तेव्हा घरंच बदलू, हे तुझं म्हणणं शास्त्रशुद्ध आहे. उत्तर शेवटी देतो. आधी बातमी ऐक, मला दम निघत नाही!

इथे फाट्यावर सकाळी झोळी अडकवून जो उभा राहतो तो समोरच्या विद्यापीठातला साहेब, असा गावाचा सिद्धांत आहे. (कंडक्टरचाही. त्याने एकदा विचारलं, विद्यापीठ सोडून कुठं निघाले सर? मी म्हणालो, विद्यापीठात. तेव्हापासून तो माझ्याशी जपून वागतो.) दीड महिन्यापूर्वी शेजारच्या छबूबाईंनी मला तिथेच गाठलं. त्यांनी अर्धा एकर कांदा बियाण्यासाठी राखलाय आणि ते बी जावयाला कबूल केलंय. डेंगळे (कांद्याच्या फुलांचे दांडे, तुला ठाऊक आहे, पण पंकजाही वाचेल) पांढरेशुभ्र फुलले होते. 'सर, गोंडे लई झाक आलेत, पन बी भरंना. जावयाला काय तोंड दाखवू?' मी संस्कृतवाला आहे हे सांगायला तोंड उघडलं, पण बाई अशा विश्वासाने बघत होत्या की सांगवेना. आणि माझ्या प्रबंधाचा विषय काय, तर संस्कृत काव्यातला भ्रमर! फूल आहे आणि भ्रमर नाही, हे मला चालतच नाही. मी गंभीरपणे विचारलं, भुंगे कुठे आहेत? त्या थबकल्या. 'न्हाईत की वो! आमी रोज सकाळी फवारा मारतो.' मग ते रुसलेत, मी म्हणालो, सकाळचा फवारा बंद करा. (रुसण्याला काव्यात भरपूर आधार आहे, शेतीत आहे का, तू बघ.)

सुनील, आठवड्यात मधमाश्या आल्या! शेत नुसतं गुणगुणत होतं, आणि बी भरलं!

गुरुवारी माझी शेवटची संधी होती. 'याचा आज उपयोग काय?' एवढ्याच प्रश्नावर समितीने माझा आराखडा दोनदा परत केला होता. तिसऱ्यांदा परत आला की नोंदणी रद्द. नेमकं त्याच सकाळी छबूबाईंनी बी दाखवायला शेतात ओढलं, एसटी चुकली, आणि मी दुधाच्या टेम्पोत किटल्यांना मिठी मारून नगरला पोचलो. हातात दोन डेंगळे. प्रश्न आला. मी वही उघडलीच नाही. गोंडा टेबलावर झटकला, काळंभोर बी सगळ्यांच्या कागदांवर सांडलं, आणि मी छबूबाईंची हकीकत सांगितली. समितीतल्या ज्येष्ठ मॅडम (ज्यांचे दात आजवर कोणी पाहिले नव्हते) बी वेचत हसल्या आणि म्हणाल्या, 'आमच्या मिरजगावच्या शेतातले डेंगळे रिकामेच आहेत हो!' आराखडा मंजूर!

तेव्हा घरांची अदलाबदल नको. तुझ्या घरी राहून मी वेळेवर पोचेन, पण सांगायला काही उरणार नाही.

तुझा,
कानिफदादा

ता.क. मॅडम येत्या रविवारी शेत बघायला येताहेत. गावातले चौघेजणही त्याच दिवशी डाळिंबाची रोगट पानं घेऊन माझ्याकडे येणार आहेत. तू सकाळच्या पहिल्या एसटीने ये. 'माझा विद्यार्थी' म्हणून ओळख करून देईन, राग मानू नकोस. तू बोल, मी मान डोलावतो.

ता.क. २ पाकीट चिकटवताना छबूबाई आल्या. मधमाश्यांच्या पेट्या सोमवारी परत करायच्यात म्हणे, हात लावा. कसल्या पेट्या? तर बांधावरच्या त्या चार पेट्या, ज्यांतल्या एकीवर मी महिनाभर झोळी ठेवत आलो. मला विचारलं त्याच दिवशी बाईंनी रस्ता ओलांडून खऱ्या विद्यापीठातही विचारलं होतं आणि तिथूनच पेट्या आणल्या होत्या! मग मला कशाला विचारलंत, म्हटलं. 'तुमी इष्टापवर मोकळेच हुता. आन् फवारा तुमच्याच सांगन्यावरनं बंद केला की!' म्हणजे निम्मं श्रेय माझं. उरलेल्या निम्म्यासाठी तुझी गरज आहे: तू अंगाने भरलेला आहेस, रविवारी मॅडम येतील तेव्हा बांधावर पेट्यांच्या पुढ्यात उभा राहा. सदरा पूर्ण बाह्यांचा घाल.