बोटीला सुपरचार्जर बसवल्याबद्दल

चिरंजीव धाकटे बंधुराज यांस थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. इतक्या लांबून कान पिळता येत नाही, तोही पिळला असे समजावे.

गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर डॉक्टर चालायला सांगताहेत, तर चाल. माझं कधी ऐकलं नाहीस, निदान पांढरा कोट बघून तरी ऐक. इकडे आम्ही सगळे हातीपायी धड आहोत. हे मुद्दाम आधीच लिहिते, कारण पुढचं वाचताना तुला शंका येईल.

तर तुझे भावोजी. तू नवी बोट आणलीस तेव्हापासून या माणसाचं जेवणात लक्ष नाही. आपण जन्मभर लोकांना पलीकडच्या काठावर नेऊन सोडतोय, आणि परवा परवा आलेला मेहुणा आपल्याला मागे टाकून जातो, वर हात हलवतो, हे त्यांना काही पचेना. (हात हलवायची काय गरज होती रे?) त्यात बंदराच्या साहेबांनी कळवलं की यापुढे या मार्गावर एकच बोट राहील, दोन्हींची चाचणी घेऊन ठरवू. आमची बोट गेली तर हे घरी बसणार, आणि हे घरी बसले तर मी कुठे जायचं? चेष्टा सोड, पण बोट चालवण्याशिवाय या माणसाला दुसरं काही येत नाही, आणि त्यांना रिकामं बसलेलं मला बघवणार नाही.

मग यांनी गॅरेजवाल्याला गाठलं. (तोच, ज्याला सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण तो कधी गप्प बसत नाही.) त्यानं भंगारातल्या कुठल्याशा ट्रकचा सुपरचार्जर काढून आणला. सुपरचार्जर म्हणजे काय हे मला दोघांनी एकाच वेळी समजावून सांगितलं, त्यामुळे बराच वेळ समजलं नाही. इंजिनावर बसून पट्ट्यावर फिरणारा आणि त्याच्या घशात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा, एवढं मी शेवटी धरून चालले. तू लहान असताना मी तुला असंच भरवायची. तर हे धूड बसवायला जागा पुरेना. म्हणून सायलेन्सरनं सुकाणूपाशी असलेल्या सगळ्या तारा काढल्या. वेग कमी करायचा, गिअर काढायचा, इंजिन बंद करायचं, सगळे दांडे इंजिनाच्या झाकणाखाली गेले. काम पडलं की झाकण उचलायचं आणि हात घालायचा, त्यात काय एवढं, असं दोघांचं मत पडलं. पण नवं यंत्र शिट्टी फार मारायचं. साहेबांना ऐकू येऊ नये म्हणून यांनी झाकणाच्या कडांना रबर चिकटवलं आणि हवेच्या भोकांत पाहुण्यांची गादी फाडून तिचा कापूस कोंबला. (पाहुणे म्हणजे तूच. आता आलास की कुठे झोपायचं ते ठरव.) मागच्या बाजूचं एकच भोक तेवढं उघडं ठेवलं.

चाचणीच्या दिवशी मी नेहमीसारखी तिकिटं द्यायला होते. उतारू होते, साहेब होते, सायलेन्सर तर होताच. यांनी झाकण उघडून वेगाचा दांडा पुढे ढकलला, झाकण लावलं, आणि बोट जी सुटली ती सुटली. साहेबांच्या तोंडावर पाणी उडालं, तरी ते खूष दिसत होते. पलीकडचा धक्का जवळ आला. हे वेग कमी करायला झाकण उघडायला गेले, तर झाकण जागचं हलेना. आत तो पंखा सगळी हवा ओढून घेत होता, आणि आम्ही एक सोडून हवेच्या सगळ्या वाटा बुजवलेल्या, त्यामुळे झाकण आतून शोषून धरलेलं. इंजिन थांबवायचं तर झाकण उघडायला हवं, आणि झाकण उघडायचं तर इंजिन थांबायला हवं. यांनी ओढलं, सायलेन्सरनं ओढलं, शेवटी साहेबांनीही बाह्या सरसावल्या. कडी हातात आली, झाकण तिथेच. आता बोट धक्क्यावर आपटू नये म्हणून हे नुसते गोल गोल फिरवत राहिले. धक्क्यावरचे लोक आधी हात हलवत होते, मग नुसतेच बघत राहिले. एका म्हाताऱ्या उतारूनं मला शांतपणे विचारलं, की या फेरीचं तिकीट वेगळं आहे का.

तेवढ्यात साहेबांची टोपी उडाली आणि मागच्या त्या उघड्या भोकाला जाऊन चिकटली. इंजिन खोकलं. टोपी आत गेली (ती पुन्हा कुणी पाहिली नाही), आणि बोट परत उधळली. पण मी काय समजायचं ते समजले. उरलेली गादी बोटीतच पडून होती, ती उचलली, त्या भोकावर ठेवली आणि तिच्यावर बसले. बाबा रे, माझं वजन कधी कुणाच्या कामी आलं असेल तर त्या दिवशी. खालून अशी ओढ लागली की आता टोपीच्या पाठोपाठ मीही जाते असं वाटलं. पण इंजिनाचाच श्वास कोंडला, त्यानं दोन आचके दिले आणि ते गप्प झालं. झाकण आपोआप सैल झालं. मग पाण्याच्या ओढीनं बोट वाहत वाहत निघाल्या धक्क्यालाच येऊन लागली, नेमकी तुझ्या बांधून ठेवलेल्या बोटीशेजारी.

बाकी सर्व क्षेम. औषधं वेळेवर घे.

तुझी, अजून नीट बसता न येणारी,
ताई

ता. क. तुझ्या बोटीवर ओरखडाही नाही. (अजून तू विचारलं नाहीस, पण आता विचारशील.) झालं असं, की लोकांना पलीकडे तर जायचंच होतं, आणि चावी तू माझ्याकडे ठेवून गेलेलास. यांनी हात पुढे केला, मी चावी दिली. तुझी बोट यांनी इतकी अलगद नेली की साहेबांचा डोळा लागला. उतरताना म्हणाले, चाचणी झाली, हीच बोट ठेवू. म्हणजे मार्ग तुला मिळाला, आणि मिळवून दिला तो यांनी. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, "सुकाणू हलकं आहे गं त्याचं." आणि न जेवता झोपले. मला फार वाईट वाटलं.

दुसरा ता. क. खरं काम हे. गुडघा बरा झाला तरी दिवसभर उभं राहणं तुला आता झेपायचं नाही. बोट चालवायला माणूस लागेल. हे मेले तरी स्वतःहून विचारणार नाहीत, तेव्हा तूच विचार, आणि तुझं अडलंय असं दाखवून विचार. उपकार केल्यासारखं विचारलंस तर गाठ माझ्याशी आहे.

तिसरा ता. क. हे पत्र यांना दाखवलेलं नाही. (दाखवलं. म्हणाले, त्यानं विचारायला माझी काही हरकत नाही, फक्त त्याच्या इंजिनाच्या वर जागा किती आहे, तेवढं विचारून ठेव.)