एकही पाऊल मागे नाही

राखमास ३
आज कूच. थाल्मचा किल्ला आठवड्यात घेणार, मग ओर्झान साम्राज्याचा सेनापती मीच. राजधानीच्या पहाऱ्यावरची सरदार इल्मोरा निरोपाला आली. म्हणे, वाटेत दलदल आहे, आणि आपल्या फौजेत मागे फिरायचा हुकूमच नाही, तेवढं ध्यानात ठेवा बेरगान. मला अक्कल शिकवते! चौकीदारीण मेली.
संकल्प: तिच्यावर चिडायचं नाही.

राखमास ६
दलदल आहे. तिनेच केली असणार.
आमचा ड्रॅगन गुर्झा पोटापर्यंत रुतलाय. आग ओकायची सोडून शिंकतोय. नायब तोव्हाक विचारतो, माघार घ्यायची का? जीभ छाटीन म्हटलं. या फौजेने "पुढे" सोडून दुसरा हुकूम कधी ऐकलेला नाही.

राखमास ९
रसद संपली. थाल्मचे हलकट तटावर बसून भाजलेली बदकं खातात. आज एकाने ओरडून विचारलं, पाहुणे, जेवलात का? आमचेच शिपाई हसले. हसणाऱ्यांना उपाशी ठेवायची शिक्षा दिली. काही फरक पडला नाही, सगळे उपाशीच आहेत.

राखमास १०, पहाटे
सुचलं! सगळ्यांनी तोंडं फिरवायची आणि मग हुकूम द्यायचा, पुढे! वा रे मी.
तोव्हाकची कुरकुर चालूच. म्हणे, निशाणं तरी गुंडाळा, निशाण फडकवत राजधानीकडे जाणं म्हणजे बंड समजतात. भित्रा लेकाचा. निशाण गुंडाळतो तो हरलेला. नगारेसुद्धा वाजवा म्हटलं.

राखमास १४, दुपार
वेशीवर जंगी स्वागत. इल्मोराची अख्खी फौज रांगेत उभी. मत्सराने जळून खाक झाली असेल बाई.
बाण सोडतायत. सलामी असावी.

राखमास १४, संध्याकाळ
सलामी नव्हती.

राखमास १९, कोठडी
बंड मोडल्याबद्दल इल्मोराला सेनापतिपद मिळालं. माझं सेनापतिपद! माझ्याच बंडावर! आणि मला फाशी.
संकल्प: दरबारात ताठ मानेनं उभं राहायचं.

राखमास २०
वाचलो. तोव्हाकने साक्ष दिली की बंड करायला डोकं लागतं, ते आमच्या सरदारांकडे नाही. सम्राज्ञींनी मला विचारलं, हे खरं का? दोराकडे पाहिलं आणि हो म्हणालो. दरबार एवढा एकमताने कधी हसला नसेल. सगळ्यात मोठ्याने इल्मोरा हसली.
शिक्षा म्हणून गुर्झाच्या गोठ्यातली लीद काढायची.

राखमास २१
गोठा फार अरुंद आहे. टोपली घेऊन आत गेलं की वळता येत नाही. बाहेर यायचं तर मागे मागेच यावं लागतं.
इल्मोरा दाराशी उभी राहून पावलं मोजते.