चारशे मण कोळसा

५ जानेवारी १९५४, अंबरनाथ
पट्ट्याचं गणित आज सुटलं. उल्हासनगरच्या होतूमलशेठना त्यांच्या रंगकारखान्यात बॉयलरपर्यंत कोळसा नेणारा पट्टा हवाय. शेठ म्हणाले होते, "घंटे का चार सौ मण, साईं." चारशे मण म्हणजे बरोबर पाच टन. अपूर्णांकसुद्धा नाही! कोळशाचं घनफुटाला वजन, पट्ट्याचा वेग, ढिगाचा उतार, सगळं धरून रुंदी बारा इंच. आमच्या कंपनीच्या दामलेसाहेबांनी नकाशा पाहून सही ठोकली. "आता तुम्हांला कायम करायला हरकत नाही." घरी येताना शीळ घातली. उगाच.

१६ फेब्रु.
पट्टा सुरू केला. फजिती. पुरा भार येताच कोळसा दोन्ही कडांनी ओसंडायला लागला, मोटर तापली, शेवटी पट्टा सांध्यात फाटला. साहेब सरळ शेठना म्हणाले, "तुमचा माणूस वाटेल तशी फावडी मारतो." माणूस म्हणजे पट्ट्यावर कोळसा टाकणारा, जांभूळ गावचा गोपाळ. तो माझ्याकडे वळला. "मी जास्ती नाय टाकला. शेठनी सांगितला तेवढाच. या साहेबांना इचारा, हे हितंच उभं व्हतं."
होतोच उभा. सांगितलं तेवढंच टाकत होता, या डोळ्यांनी पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो. स्वच्छ होता चष्मा.

१७ फेब्रु.
शेठनी गोपाळला कामावरून काढलं. शेठना पट्टा दुरुस्त करून हवाय. गणित पुन्हा तपासलं. बिनचूक. मग कोळसा सांडला कसा? साहेब म्हणतात, डोकं शिणवू नका.

२१ फेब्रु.
सौ.ला किसासाठी मणभर बटाटे हवे होते. कापडी पिशवी घेऊन उल्हासनगरच्या बाजारात. दुकानदाराने भलं मोठं पोतं पुढ्यात आपटलं. म्हटलं, मण सांगितला हो, एवढं कुठे? तो हसला. "साईं, मण ही तो है. चालीस सेर, पक्का. आप का बम्बई वाला कच्चा मण यहाँ कौन पूछता है?" पोतं उचलायला गेलो. हललं नाही. तिथेच खाली बसलो. लोकांना वाटलं कमरेत उसण भरली.
शेठचा मण पक्का, ब्याऐंशी पौंडांचा. मी धरला मुंबईचा, अठ्ठावीस पौंडांचा.

२२ फेब्रु.
नव्याने मांडलं. पक्के चारशे मण म्हणजे जवळजवळ पंधरा टन. तिप्पट! बारा इंची पट्ट्यावर. लाज वाटते. एक शब्द विचारला असता, कोणता मण? पण विचारलं तर अडाणी दिसू, म्हणून...
साहेबांच्या दारापर्यंत गेलो. "काय हवंय?" म्हटलं, पेन्सिल. पेन्सिल घेऊन परत आलो.

२५ फेब्रु.
नोकरी कायम झाली. सौ.ने शिरा केला. खाल्ला. तिला काय सांगू, कुणाच्या पोटावर पाय देऊन.

२८ फेब्रु.
जांभूळला गेलो. गोपाळ अंगणात कुडाच्या काटक्या बांधत होता. शिव्या देईल अशी तयारी करून गेलो होतो. त्याने खाट टाकली, बायकोला पाणी आणायला लावलं. म्हणाला, "शेठला सांगितलात ना तुमी? मला ठाव व्हता, तुमी सांगाल. मंग कवा येऊ कामाव?"
अजून कुणाला काही सांगितलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "उद्या ये."
किती नीच असावं माणसाने.

१ मार्च
होतूमलशेठच्या कचेरीबाहेर बाकावर बसून लिहितोय. आत साहेब बसलेत. नवा पट्टा कुणाच्या खर्चाने, यावर दोघांचे आवाज चढलेत. साहेब पुन्हा गोपाळचंच नाव घेतायत. तिप्पटीचं गणित खिशात आहे. ते दाखवलं की नवा पट्टा आमच्या माथी आणि मी घरी. सौ.ला सांगून निघालेलो नाही.
फाटकापाशी गोपाळ उभा आहे. भाकरी बांधून आलाय. पहारेकरी त्याला आत सोडत नाही, आणि तो त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगतोय, "त्या साहेबांनी बोलावलाय मला."
शेठनी दार उघडलं. "आओ साईं, अंदर आओ. आप भी बोलो कुछ."