आजोबांचा एक तरी फोटो

२ जून, सकाळी ७
लेकीचा फोन. वसतिगृहात करमत नाही म्हणे. "बाबा, आजोबांचा एक फोटो पाठव ना." आजोबा म्हणजे तिने नऊ वर्षं वाढवलेला गोल्डफिश. आता थकलाय, एक डोळा पांढुरका झालाय. फोनवर काढलेला चालेल म्हणाली. मला चालणार नाही. करायचं ते नीट, हे मी जन्मभर सभांमधून सांगत आलोय. रविवारच्या आत कॅमेरा.

४ जून
अकरा रिव्ह्यू वाचले. मॅक्रो लेन्स लागणारच. बायको म्हणाली, मासा एक, टाकी दोन फुटांची, रिव्ह्यू अकरा. तिला विषयाचं गांभीर्य नाही.

७ जून
कॅमेरा ठरला.

७ जून, दुपारी
रद्द. त्याला म्हणे काचेतून फोकस सापडत नाही.

११ जून
रविवार येऊन गेला. त्याला मी काय करणार? लेकीला समजावलं, घाईने इतिहास घडत नाही. ती म्हणाली, इतिहास नको, मासा दाखव. बायकोने सरळ फोन घेऊन टाकीसमोर धरला. मी मध्ये उभा राहिलो. घरात एक तरी तत्त्व शिल्लक हवं.

१५ जून
कॅमेरा आला. तीस फोटो काढले. एकोणतीस धूसर, तिसाव्यात माझं टक्कल. दोष कॅमेऱ्याचा नाही, पाण्याचा. बुडबुडे, शेवाळ. शिवाय आजोबा क्षणभर थांबत नाहीत. नऊ वर्षांचे लाड, दुसरं काय.

१६ जून
शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं. पाणी एका वेळी चौथा हिस्साच बदला, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, जुन्या पाण्यावरच मासा जगतो, असं तीनदा म्हणाला. अर्धवट उपायांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सगळं पाणी उपसलं. खडे, स्पंज, काच, सगळं नळाखाली खसाखसा घासलं. बुडबुडे नकोत म्हणून फिल्टर बंद. पाणी इतकं नितळ की टाकी रिकामी वाटावी.

१७ जून
आजोबा तळाशी बसून आहेत. अखेर पोज द्यायला शिकले. नेमकी बॅटरी संपली. चार्जिंगला लावली. उद्या नक्की.

१८ जून, सकाळी ६
फोटो अप्रतिम. खवला न् खवला मोजून घ्यावा. जरासुद्धा हललेले नाहीत.
पोट वर आहे.
बायकोने टाकीशेजारचा खाण्याचा डबा उचलून कपाटात ठेवला.

सकाळी ९
फोटो उलटा करून पाहिला. अगदी पोहतायत. पाठवला.

९.१०
लेकीचं उत्तर. "बाबा, खडे वर कसे?"

११
हजार माणसांची सभा मी एका वाक्यात गप्प केली आहे. तिचं एवढंसं वाक्य चारदा वाचलं.
उठून फिल्टर सुरू करून आलो.